गोठ्यात राहिलेली रॅले: गंज किती, लोखंड किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. गुहागरजवळच्या गावी तुमच्या आजोबांची काळी रॅले सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून वीसेक वर्षं उभी होती. रॉड ब्रेक, तीन गिअरचं हब, दात्याच्या चक्रात कोरलेली बगळ्यांची डोकी, सगळं जागच्या जागी आहे. पण दांडीपासून रिमपर्यंत सगळीकडे गंज. एकाने सांगितलं भंगारात द्या. दुसऱ्याने सांगितलं ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवून, पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला पावडरीचा रंग) मारतो, नवी करून देतो. तुम्हाला ती रोज चालवायची आहे आणि तुम्ही विचारता की गंज बघून काय वाचेल, काय टाकायचं, हे ठरवायचं कसं.

मी सव्वीस वर्षं पुण्यात जुन्या सायकलींचं काम करतोय. माझं मत असं, की त्या दोघांनीही सायकल न खोलताच निकाल दिला आहे. गंजाच्या रंगावरून आणि पसाऱ्यावरून काहीच ठरत नाही. पाणी कुठून शिरलं, कुठे साचलं आणि तिथे आता लोखंड किती उरलंय, एवढंच बघायचं असतं. दांडीवरचा तो भगवा थर तुम्हाला घाबरवतोय, पण दांडीवर पाणी थांबत नाही, ओघळून जातं. जिथे थांबतं त्या जागा तुम्हाला अजून दिसलेल्याच नाहीत.

सर्वांत आधी, सायकल धुऊ नका, घासू नका आणि "चालते का बघू" म्हणून पायडलही फिरवू नका. कोरड्या जागी आणा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ब्रेकच्या सळ्या कुठून कुठे जातात त्याचे तर जास्तच काढा. मग प्रत्येक नट, कॉटर (क्रँक, म्हणजे पायडलचा हात, एक्सलवर घट्ट धरणारी खीळ), सीटची नळी जिथे आत जाते ती जागा आणि हँडलचा गळा, इथे पातळ तेल किंवा रॉकेल सोडा आणि आठवडाभर रोज सोडत राहा. गंज धरलेला नट घाईने सोडवताना जे मोडतं, ते गंजाने खाल्लेल्यापेक्षा जास्त असतं. हे मी माझ्याच हातांनी मोडलेल्या भागांवरून सांगतोय.

आता गंज ओळखायचा कसा. बोटाला पावडरीसारखा लागतो, फडक्याला तेल लावून घासलं की निघतो आणि खाली गुळगुळीत करडं लोखंड दिसतं, तो वरवरचा. त्याची काळजी सोडा. दुसरा गडद तपकिरी, घासल्यावर खाली देवीच्या व्रणासारखे खड्डे दिसतात. तिसरा पापुद्र्यांचा, नखाने किंवा दाभणाने उचकटला की खपली निघते. खपली बघून लोक धीर सोडतात, पण एक लक्षात ठेवा. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. मिलिमीटरभर जाड खपली निघाली म्हणजे मिलिमीटरभर लोखंड गेलं असं होत नाही. गेलेलं त्याच्या काही हिश्श्यानेच असतं. म्हणून खपली काढून खालचं बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

खड्ड्यांची खोली महत्त्वाची, आणि ती नळीच्या जाडीशी ताडून बघायची. तुमच्या रोडस्टरच्या, म्हणजे अशा जड, रोजच्या वापराच्या सायकलीच्या, नळ्या साध्या पोलादाच्या, साधारण सव्वा मिलिमीटर जाड. त्यात ०.२ मिलिमीटरचा खड्डा नळीच्या मधोमध असेल तर आयुष्यभर काही होत नाही. तोच खड्डा एखाद्या हलक्या रेसिंग सायकलच्या ५३१ नळीत (रेनॉल्ड्स कंपनीची पातळ, मिश्र पोलादाची नळी), जी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असू शकते, तिथे पडला तर मी ती फ्रेम कोणाला चालवायला देणार नाही. रोडस्टर जड असतात म्हणून आपण नावं ठेवतो, पण ते वजनच आज तुमच्या कामी येतंय. खड्डा जोडाच्या कडेला लागून असेल तर मात्र रोडस्टरलाही सूट नाही. ताण तिथेच एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

खोली मोजायला यंत्र लागत नाही. खपल्या काढा, दाभणाचं टोक टेकवा आणि अंगठ्याच्या जोराने दाबा. लोखंड दबलं किंवा दाभण आत गेलं तर निकाल लागला. मग छोट्या पान्याने नळीभर हलके टोले देत जा. चांगली नळी खणखणीत वाजते, आतून खाल्लेली बद्द बोलते. एकाच नळीवर पुढे सरकत ऐका, आवाज जिथे बदलतो तिथे खडूने खूण करा. शेवटी एक लोहचुंबक फिरवा. एखाद्या ठिकाणी तो धरत नसेल तर तिथे कोणीतरी कधीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला आहे, आणि लांबी कोणी हौसेने भरत नाही.

पाण्याच्या वाटेकडे येतो. उभ्या सायकलीत पाणी सीटच्या नळीतून शिरतं. सीटखालचा पट्टा सैल असेल, मागच्या फटीला काही झाकण नसेल, तर पावसाचा थेंबन् थेंब आतून उतरून खाली बीबीच्या घरात, म्हणजे पायडलचा एक्सल जिथे बसतो त्या आडव्या डब्यात जमतो. तिथून बाहेर पडायला बहुतेक जुन्या सायकलींना भोकच नसतं. म्हणून बाहेरून सगळ्यात चकचकीत राहिलेली सायकलही बीबीत कुजलेली सापडते. सीट काढा. अडकली असेल तर फ्रेम उलटी करा, खालून रॉकेल सोडा आणि दोन दिवस तशीच ठेवा. सीट निघाली की नळीत बॅटरीचा उजेड टाका. मग कॉटर काढून एक्सल, छर्रे आणि ते ज्यात फिरतात ते वाटीसारखे कप बाहेर काढा आणि फ्रेम उलटी धरून कागदावर ठोका. लाल भुकटी पडली तर ठीक आहे, ती पडतेच. चपट्या, कडक खपल्या मूठभर पडल्या तर बीबीच्या घराला लागून खालच्या बाजूने मागे जाणाऱ्या दोन नळ्या दाभणाने इंच इंच तपासा. माझ्या अनुभवात फ्रेम टाकून द्यावी लागली ती बहुतेक वेळा याच चार इंचांसाठी.

कॉटर काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा आधाराला लावा, नाहीतर हातोडीचा सगळा मार कपांवर आणि एक्सलवर जातो. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. आणि रॅलेच्या बाबतीत एक खास सूचना: इंग्लंडात नॉटिंगहॅमला बनलेल्या रॅलेला बीबीचे आटे इंचाला २६ असतात, इतर बहुतेक इंग्लिश सायकलींना २४. खराब झाले म्हणून जुने कप फेकून दुकानातला दिसायला तसाच कप बसवायला गेलात, तर तो दोन फेरे जातो आणि तिसऱ्या फेऱ्यात घराचे आटे कापतो. जुने कप जपा. त्यांचा मार्ग तपासायला बॉलपेन घ्या आणि छर्रे जिथून फिरतात त्या रेषेवरून त्याचं टोक फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डाही टोकाला अडकतो. नुसता काळा डाग असेल तर कप वापरा. छर्रे मात्र सगळे नवे, पाव इंची, प्रत्येक बाजूला ११, आणि एकाच पुडीतले.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, पुढचं चाक धरणारा चिमटा. इथे मी थांबणार आहे, कारण याच भागात चूक झाली तर माणूस तोंडावर पडतो. चिमट्याची मधली नळी, जी फ्रेमच्या डोक्यातून वर जाते, ती बाहेरून दिसतच नाही. हँडलचा दांडा त्या नळीत आत उतरलेला असतो आणि खाली पाचरीने फुगवून घट्ट केलेला असतो. वरून शिरलेलं पाणी त्या पाचरीपाशी अडतं. काम सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. एका काळ्या रोडस्टरचं हँडल छान फिरत होतं, म्हणून मी चिमटा बाहेर न काढता वरूनच ग्रीस भरलं, रंग केला, सोनेरी रेघा ओढून घेतल्या आणि गिऱ्हाइकाला दिली. तीन महिन्यांनी ते परत आले आणि म्हणाले, वळताना चाक जरा मागे राहतं. चिमटा काढला तर मधली नळी पाचरीच्या उंचीवर अर्ध्याहून जास्त घेराने फाटलेली होती, आणि फाटलेल्या कडेचा बराच भाग जुना काळा होता. म्हणजे मी ती हातात घेतली तेव्हाही तडा होताच. ते गृहस्थ रोज सिंहगड रस्त्याने जात. त्या दिवसापासून चिमटा बाहेर काढून पाहिल्याशिवाय माझ्याकडून एकही सायकल बाहेर गेलेली नाही.

तुम्ही हँडलचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, त्यावर लाकडाचा ठोकळा धरून ठोका, पाचर सुटेल. ब्रेकच्या सळ्या आधी सोडवायला विसरू नका. चिमटा बाहेर आला की मधली नळी रॉकेलने स्वच्छ पुसा आणि दोन जागा बघा: पाचर बसते तो पट्टा आणि अगदी खाली, चिमट्याच्या खांद्याला लागून. तडा दिसत नसेल तर नळी तेलात भिजवा, कोरडी पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर त्यातलं तेल हळूहळू खडूत उतरतं आणि रेघ उमटते. ही युक्ती फ्रेमच्या जोडांनाही लागू आहे.

याच वेळी सायकल कधी आपटली होती का तेही बघून घ्या. आजोबांना विचारता येणार नाही, पण फ्रेम सांगते. बाजूला उभं राहून बघा. चिमट्याच्या पात्यांचा वरचा सरळ भाग फ्रेमच्या डोक्याच्या नळीशी एका रेषेत हवा. तो मागे झुकलेला असेल तर समोरून धडक बसली आहे. मग डोक्याच्या जोडाच्या जरा मागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटावरून डोळे मिटून बोट फिरवा. धडक बसलेल्या फ्रेममध्ये तिथे बारीक लाट लागते. डोळ्याला ती सुटते, बोटाला सुटत नाही. रंगाला आडवे तडे असतील तर तीही तीच खूण. लाट असेल तर मी फ्रेम वापरायला देत नाही, कितीही सुंदर असली तरी. दांडीवरचा गोल, उथळ पोचा मात्र निरुपद्रवी असतो. बहुतेकदा हँडल गर्रकन फिरून आपटल्याचा असतो. तीक्ष्ण कडेची घडी पडली असेल तरच दांडी संशयास्पद.

फ्रेम सरळ आहे का यासाठी एक दोरा पुरतो. मागच्या चाकाच्या डाव्या खाचेला बांधा, पुढे डोक्याच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत ताणून आणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. रोडस्टरला एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. जास्त असेल तर जाणता कारागीर थंडच दाब देऊन सरळ करू शकतो. साध्या पोलादाची ही मोठी सोय आहे.

गोठ्याबद्दल वेगळं लिहितो, कारण तुमच्या बाबतीत हाच खरा मुद्दा आहे. खारा वारा आणि गोठ्यातला अमोनिया, दोन्ही एकत्र आलेत. मीठ खड्ड्यांच्या तळाशी बसून राहतं. वरून लोखंड पांढरंशुभ्र घासलं तरी ते तिथेच असतं आणि नव्या रंगाखाली पुन्हा गंज सुरू करतं. कोकणातल्या सायकलींचा रंग एका पावसात फुगतो तो बहुतेकदा यामुळे. म्हणून घासून झालेला भाग गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, लगेच वाळवा आणि दमट हवेत एक रात्र उघडा ठेवा. सकाळी जिथे भगवे ठिपके उठतील तिथे मीठ शिल्लक आहे. तेवढी जागा पुन्हा धुवा.

अमोनियाचा मार लोखंडापेक्षा पितळेवर जास्त पडतो, आणि तुमच्या चाकांच्या स्पोकची निपलं, म्हणजे स्पोक रिमला ताणून धरणारे छोटे नट, पितळेची आहेत, वर नुसता निकेलचा मुलामा. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जात. १९२१ मध्ये त्याचं कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. तुमची निपलं वीस वर्षं ताणाखाली, गोठ्याच्या हवेत होती. ती वरून चांगली दिसली तरी विश्वास ठेवू नका. स्पोक आणि निपलं सगळी नवी घाला. यात काटकसर नको.

रिमचं ठरवणं सोपं आहे. टायर, ट्यूब आणि आतली पट्टी काढा, निपलांच्या भोकांभोवती बघा. तिथे खपल्या असतील तर रिम गेली, बाहेरचा क्रोम कितीही टिकलेला असो. शिवाय रॉड ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या बाजूवर घासतं. तो पट्टा खडबडीत झाला असेल तर रबर आठवड्यात झिजेल. २८ बाय दीडच्या रिमा आजही नव्या मिळतात, त्यामुळे रिम बदलण्यात दुःख नाही. घेण्याआधी हबची भोकं मोजा. या सायकलींना सहसा पुढे ३२ आणि मागे ४० असतात.

हबच्या बाबतीत मी आशावादी आहे. स्टर्मी-आर्चर कंपनीचं तीन गिअरचं हब असेल तर कवचावर एडब्ल्यू ही अक्षरं आणि शेजारी वर्षाचा आकडा कोरलेला सापडेल. ५८ असेल तर हब १९५८ चं. सायकलचं वय ठरवायला याहून चांगला पुरावा सहसा नसतो. कवचावर तेल घालायचं छोटं झाकण आहे. त्यातून आधी रॉकेल, मग दोन दिवसांनी पातळ तेल सोडा आणि चाक हाताने फिरवत राहा. आजोबा तेल घालणारे असतील, आणि त्या पिढीतले बहुतेक घालत, तर आतलं यंत्र गंजापासून वाचलेलं असतं. आत पाणी गेलं असेल तर खिट्ट्यांच्या बारीक स्प्रिंगा जातात, बाकीचं सहसा राहतं.

गंज काढायला मी छोट्या भागांसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर वापरतो. मोझॅकच्या फरशीला पॉलिश करणारे वापरतात तीच, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला २० ते ३० ग्रॅम, आणि भाग काही तास बुडवून ठेवायचे. क्रोमला आणि बऱ्याचदा जुन्या रंगालाही ती धक्का लावत नाही. पण ती विषारी आहे. हातमोजे घाला, बादली मुलांपासून आणि गुरांपासून लांब ठेवा, भाग बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुवा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड मात्र अजिबात नको. ते गंजासोबत चांगलं लोखंडही खातं, नळ्यांच्या सांध्यांत शिरून बसतं, आणि स्प्रिंगा, कॉटर यांसारख्या कडक पोलादात हायड्रोजन घुसवून त्यांना ठिसूळ करतं. असा कॉटर आज बसतो आणि महिन्याने चढावर तुटतो.

क्रोमवरचे बारीक ठिपके पाण्यात भिजवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने घासा, बरेच जातात. क्रोम सोलून वर आला असेल तर त्याला घरगुती इलाज नाही. हँडलवर तसं झालं असेल तर नव्याने मुलामा देण्याआधी दांडा जिथे हँडलला धरतो तिथले खड्डे बघा. तिथे खोल खड्डे असलेलं हँडल मी चालवायला वापरत नाही.

आता ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग. दोन्हींना माझा सरसकट विरोध नाही, पण तुमच्या सायकलीला आत्ता नको. ब्लास्टिंगवाला सगळं एकसारखं करडं करून देतो. रंगाचे तडे, गंजाच्या ओघळाच्या खुणा, कुठे काय झालं हे सांगणाऱ्या सगळ्या निशाण्या तासाभरात जातात. पावडरचा जाड थर उरलेले खड्डे आणि लाटाही झाकतो. शिवाय तुमच्या फोटोत चिमट्याच्या पात्यांवर आणि मागच्या मडगार्डवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा अजून दिसतायत. त्या एकदा गेल्या की परत आणता येत नाहीत, नव्या ओढता येतात फक्त. जिथे जुना रंग घट्ट आहे तिथे तो ठेवा. तेलाच्या फडक्याने पुसा, वर मेणाचा हात द्या. लोखंड उघडं पडलंय तेवढ्याच जागी प्रायमर आणि काळं इनॅमल. नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं निथळू द्या आणि आठवडाभर वाळू द्या. तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा, मग टाका. आणि बीबीच्या घराला तळाशी एक बारीक भोक पाडून घ्या.

तुमचे फोटो बघून माझा अंदाज असा आहे की फ्रेम वाचेल, हब वाचेल, रिमा आणि स्पोक जातील. चिमट्याचं मी फोटोवरून बोलणार नाही. तो बाहेर काढा, मधली नळी पुसून खडू लावा आणि पाचरीच्या पट्ट्याचा जवळून फोटो पाठवा. तिथे तडा निघालाच, तर त्याच मापाचा दुसरा चिमटा शोधावा लागेल. जुन्या सायकलींचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे तो मिळू शकतो. जाताना जुना चिमटा सोबत न्या, म्हणजे मधल्या नळीची उंची आणि आटे तिथल्या तिथे ताडून बघता येतील.